उधाण, भांग आणि ‘मराठी येणं’

पुण्यातल्या माणसाला ‘भांग’ म्हटलं की आरसा आणि कंगवा आठवतो, नाहीतर महाशिवरात्रीची थंडाई. रत्नागिरीहून पावसच्या वाटेने वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला गेलं की याच शब्दाला खारं पाणी लागतं. माचाळच्या डोंगरात उगम पावलेली मुचकुंदी पूर्णगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. या मुखाशी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फुगतं ते उधाण, आणि अष्टमीच्या आगेमागे भरती-ओहोटीतला फरक कमी होतो तो भांग. होडी कधी काढायची, परतताना खाडीत किती पाणी असेल, आज जाळं कुठे टाकायचं, असे सगळे हिशेब या दोन शब्दांत होतात. इथल्या पोराला ते कुणी शिकवलेले नसतात.

गड तसा लहानसाच. दाराबाहेर मारुती, दाराच्या माथ्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. पैलतीराला गावखडी. पूल झाला नव्हता तेव्हा पलीकडे जायला होडीच लागायची. होडीत कुणबी, खारवी, मुसलमान मच्छीमार, भट-भिक्षुक आणि एखादा सरकारी कारकून मांडीला मांडी लावून बसले, तर तेवढ्या अंतरात चार-पाच तऱ्हांची भाषा ऐकू येई, आणि एकाचं दुसऱ्याला कळतही असे.

यातल्या कुणालाही ‘तुला मराठी येतं का?’ असं विचारलं असतं, तर प्रश्नच विचित्र वाटला असता. पण हा प्रश्न गेली दोनशे वर्षं या किनाऱ्यावर आणि सगळ्या मराठी मुलखात वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांनी विचारला आहे. मराठीत भाषा ‘येते’. पोहायला येतं, भाकरी थापायला येते, तसं मराठी येतं. इतिहास मात्र ‘माहीत असतो’ आणि पत्ता ‘ठाऊक असतो’. भाषा मोजायला निघालेल्यांनी बहुतेक वेळा माणसाला काय माहीत आहे ते मोजलं. त्याला काय येतं, ते मोजणं फार उशिरा सुरू झालं.

पहिले मोजणारे कंपनीचे साहेब. 1818 मध्ये पेशवाई संपली, कोकणातले किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या हाती गेले, आणि रत्नागिरी दक्षिण कोकणाच्या कारभाराचं ठाणं झालं. खोतीचे तंटे, सारावसुली, साक्षीपुरावे हे सगळं मराठीत चालायचं आणि मोडीत लिहिलेलं असायचं. तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याला देशी भाषा येणं ही सरकारची गरज झाली. त्यासाठी परीक्षा होत्या, पलटणीत दुभाष्याची जागा होती आणि त्या जागेला वेगळा भत्ता होता. ‘भाषा येते’ याचा दाखला मिळू लागला तो असा.

पण अभ्यास कशावरून करायचा? विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि कोश 1810 मध्ये छापला गेला, तोही दूर बंगालात, श्रीरामपूरला. पंडित वैद्यनाथ यांची त्यांना मदत होती. 1824 मध्ये मुंबईत व्हॅन्स केनेडी यांचा कोश आला. या दोन्हींनी काम भागत नव्हतं. मग जेम्स मोल्सवर्थ या तरुण लष्करी अधिकाऱ्याने टॉमस आणि जॉर्ज या जुळ्या कँडी बंधूंना सोबत घेऊन मोठं काम अंगावर घेतलं. शास्त्री-पंडितांचा एक जथाच हाताशी होता. शब्द गोळा करायचे, चाळायचे, अर्थ ठरवायचे. या खटपटीतून 1829 मध्ये मराठीचा मराठीत अर्थ सांगणारा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. त्याला लोक पंडितांचा कोश म्हणू लागले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले ही त्यामागची काही नावं. 1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि 1857 मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, सुमारे साठ हजार शब्दांची.

आजही अडलेला माणूस मोल्सवर्थ उघडतो, त्याला कारण आहे. त्यात नुसते संस्कृत ग्रंथांतले भारदस्त शब्द नाहीत. म्हणी आहेत, वाक्प्रचार आहेत, शेतातले, स्वयंपाकघरातले आणि बाजारातले शब्द आहेत, आणि खास कोकणात चालणाऱ्या शब्दांना तशी खूणही केलेली आहे. देशावरच्या शास्त्र्याला अनोळखी असलेले शब्द ‘अशुद्ध’ म्हणून बाहेर ठेवता आले असते. ते आत आले. शब्द कुणाचे, याबाबत त्या काळाच्या मानाने हा कोश बराच उदार होता.

तरीही कोश पाठ करून भाषा येत नाही, हे परीक्षा देणाऱ्या साहेबाला पहिल्याच आंब्याच्या मोसमात कळत असणार. कारण मराठीची खरी मेख शब्दांत नाही. झाडाखाली उभी असलेली आई चार वर्षांच्या पोराला विचारते, ‘तू कैऱ्या खाल्ल्यास?’ या एका क्रियापदात काय काय कोंबलं आहे ते पाहावं. ‘ल्या’ सांगतो की खाल्लेली वस्तू स्त्रीलिंगी आणि अनेक. शेवटचा ‘स’ सांगतो की खाणारा समोर उभा असलेला ‘तू’. आंबा असता तर ‘खाल्लास’, एकच कैरी असती तर ‘खाल्लीस’. आणि तेच पोर रोज कैऱ्या खात असेल, तर ‘तू कैऱ्या खातोस’. म्हणजे वर्तमानकाळात कैऱ्यांचा क्रियापदावरचा हक्क संपला, आणि पोराचं पुल्लिंग वर आलं. व्याकरणकारांना या रचनेसाठी ‘कर्तृकर्मसंकर प्रयोग’ असं नाव शोधावं लागलं. पोर मात्र तोंड पुसत ‘मी एकच खाल्ली’ असं खोटं बोलतं आणि लिंग-वचनात कुठेही चुकत नाही.

या विषयावरची जुन्यातली जुनी आणि सगळ्यांत खट्याळ गोष्ट पतंजलींच्या महाभाष्यात आहे. एक वैयाकरण रथाजवळ येऊन विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’, म्हणजे हाकणारा, कोण? सारथी म्हणतो, मी ‘प्राजिता’. वैयाकरण त्याला चूक दाखवायला जातो. सारथी उलट त्यालाच सुनावतो, की तुम्हाला नियम कुठे लागतो ते कळतं, लोक काय म्हणतात ते कळत नाही. याच ग्रंथाच्या आरंभी आणखी एक दाखला आहे. घट हवा असला की माणूस कुंभाराच्या घरी जातो. शब्द वापरायचे असले म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही. व्याकरणाच्या पंडिताने व्याकरणाच्याच ग्रंथात हे लिहून ठेवावं, ही गंमत.

या पतंजलींचा काळ कोणता, यावर 1872 मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त लेख लिहिणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणात जन्मले आणि रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिकले. 1877 मध्ये त्यांनी मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली. संस्कृतापासून प्राकृत आणि प्राकृतापासून आजच्या देशी भाषा कशा घडत आल्या, याचा तो शिस्तशीर आलेख होता. बोलभाषेतली रूपं म्हणजे बिघाड नसून त्यांनाही नियम आणि वंशावळ असते, ही दृष्टी इथल्या विद्वत्तेत त्यातून रुजली. कोश आणि क्रमिक व्याकरण यांच्या पलीकडे भाषेचं शास्त्र असू शकतं, हे रत्नागिरीच्या एका माजी विद्यार्थ्याने मुंबईच्या श्रोत्यांना सांगितलं.

पुढचं मोजमाप थेट जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचलं. 1886 मध्ये व्हिएन्नात भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत हिंदुस्थानातल्या भाषांच्या पाहणीची मागणी झाली, आणि 1894 मध्ये जॉर्ज ग्रियर्सन यांच्या हाताखाली काम सुरू झालं. ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ पूर्ण व्हायला 1928 साल उजाडलं. 179 भाषा आणि 544 बोली अशी तिची शेवटची गोळाबेरीज. मराठीचा सातवा खंड 1905 मध्ये निघाला. तो सिद्ध केला स्टेन कोनोव्ह या नॉर्वेच्या विद्वानाने.

पद्धत साधी, सरकारी आणि हुशारीची होती. प्रत्येक बोलीतून एकच गोष्ट मागवायची. निवडलेली गोष्ट बायबलातली, उधळ्या मुलाची. धाकटा मुलगा वाटणी मागून घर सोडतो, सगळं उडवून बसतो, उपाशी मरायची वेळ येते तेव्हा परत येतो, आणि बाप त्याला जवळ घेतो. हीच गोष्ट का? तिच्यात मी-तू-तो ही तिन्ही सर्वनामं येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, क्रियापदाचे भूत, वर्तमान आणि भविष्य हे तिन्ही काळ येतात. इथल्या लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून शब्दांत किरकोळ फेरफारही केले गेले. जोडीला स्थानिक लोकांच्या तोंडचा एखादा उतारा, आणि शब्द-वाक्यांची एक ठरलेली यादी. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत हे कागद फिरले, भरले गेले आणि वर गेले.

रत्नागिरीच्या किनाऱ्याने पाहणीवाल्यांपुढे ताटच वाढून ठेवलं. संगमेश्वरी, बाणकोटी, कुणबी, कोळी, चित्पावनी, कुडाळी, दाल्दी. पुण्याच्या माणसाला सगळं ‘कोकणातलं बोलणं’ म्हणून एकच वाटे, आणि इथे मैलामैलावर क्रियापदाचं शेपूट बदलत होतं. चित्पावनांच्या घरात मुलगा ‘बोड्यो’ होता, मुलगी ‘चेडू’ आणि ‘आहे’च्या जागी ‘से’. ओटीवर आलेल्या पाहुण्याशी तोच माणूस छापील मराठीत बोले आणि माजघरात शिरताच बोलीत. दाल्दी ही किनाऱ्यावरच्या मुसलमान मच्छीमारांची बोली. पाहणीने चित्पावनी आणि दाल्दी कोकणीच्या बाजूला टाकल्या, आणि एकूण कोकणीलाच मराठीची बोली मानलं. हा निवाडा पुढे टिकला नाही. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, आणि 1992 मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली.

उधळ्या मुलाच्या गोष्टीने हजारो मैलांतल्या बोली एका मापात आणल्या, हे तिचं यश. पण तो शेवटी लिखित भाषांतराचा कागद होता. गोष्टीतला बाप आणि मुलगा बोलतात ते गंभीर, लांब आणि एकेकाने. मासळीच्या टोपलीवरून चाललेली घासाघीस त्यात येत नाही. होडीत मागच्याने पुढच्याला दिलेली हाक येत नाही. घरी बोली, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी अशी एकाच माणसाची जीभ कशी वळते, तेही येत नाही. नकाशावर प्रत्येक बोलीला आपलं गाव मिळालं. होडीत एकत्र बसलेल्या माणसांसाठी मात्र त्या नकाशात जागा नव्हती.

दरम्यान मराठीचे स्वतःचे व्याकरणकारही काम करत होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिलं, आणि त्यावर पिढ्या शिकल्या. पण या परंपरेचा कळस म्हणजे मोरो केशव दामले यांचं 1911 मधलं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. हे मोरो केशव म्हणजे रत्नागिरीच्या उत्तरेला मालगुंडात जन्मलेल्या केशवसुतांचे धाकटे भाऊ. थोरल्याने मराठी कवितेची चाल बदलली, आणि धाकट्याने वाक्याची रचना उकलून दाखवली. आधीच्या व्याकरणकारांची मतं एकेक करून समोर घ्यायची, त्यांच्याशी वाद घालायचा, उदाहरणांनी पडताळायची आणि मग आपला निर्णय द्यायचा, ही दामल्यांची रीत. कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांनी 1970 मध्ये हा ग्रंथ नव्याने संपादित केला. पोराच्या ‘खाल्ल्यास’मध्ये दडलेलं गणित मराठीत तपशिलाने मांडलं गेलं ते अशा ग्रंथांत.

इतकं झाल्यावर रत्नागिरीत वारा फिरला. 1924 पासून 1937 पर्यंत विनायक दामोदर सावरकर इथे स्थानबद्ध होते, आणि त्याच काळात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. महापौर, दिनांक, दिग्दर्शक असे कितीतरी शब्द त्या घडणीतून आले आणि आज त्यांच्याशिवाय वृत्तपत्राचं पान भरत नाही. पण चळवळीने चांगल्या मराठीचं मापही बदललं. शब्दांचा साठा किंवा व्याकरणाचा नियम यांच्याऐवजी शब्दाचं कूळ पाहिलं जाऊ लागलं. माधव जूलियन यांचं उदाहरण तर बोलकं आहे. कवितेत फारसी शब्दांची उधळण करणाऱ्या, 1925 मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ काढणाऱ्या या कवीने 1938 मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला.

पूर्णगडासारख्या बंदरात कूळ बघायला बसलं तर पहिल्यांदा ‘बंदर’च जातं, कारण ते फारसी. ‘नाखवा’ फारसीतल्या नाखुद्याचा. ‘खलाशी’ अरबीतला. महिन्याचा ‘पगार’ पोर्तुगीज, आणि परसातला ‘काजू’ही पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला. ज्या आंब्यावर जिल्ह्याचं नाव चालतं त्या ‘हापूस’च्या मुळाशी आफोंसो हे पोर्तुगीज नाव आहे. या सगळ्यांना मराठीने आपली लिंगं आणि आपले प्रत्यय लावले. ‘खलाशाने’, ‘पगारातून’, ‘हापूसला’. कोकणातल्या पोराला यातला एकही शब्द परका वाटत नाही. त्याच्या डोक्यातलं व्याकरण जन्माचा दाखला मागत नाही.

डोक्यातलं व्याकरण. हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्राच्या मध्यभागी आला. अमेरिकेत नोम चोम्स्की यांनी 1965 मध्ये ‘आस्पेक्ट्स ऑफ द थिअरी ऑफ सिंटॅक्स’ या पुस्तकात एक रेघ ओढली. माणसाला आपल्या भाषेचं जे नकळत ज्ञान असतं ती भाषिक क्षमता. प्रत्यक्ष बोलताना तो अडखळतो, विसरतो, वाक्य अर्धं सोडतो, ते भाषिक वर्तन. शास्त्राने शोध घ्यायचा तो क्षमतेचा. त्यासाठी त्यांनी एक आदर्श भाषक कल्पिला, एकजिनसी समाजात राहणारा आणि आपली भाषा पूर्णपणे येणारा. अशा नियमबद्ध व्याकरणाचा एक अंश पाणिनीत सापडतो, अशी नोंदही त्यांनी त्या पुस्तकाच्या आरंभी केली.

पुरावा घरोघर आहे. तीन वर्षांचं मूल ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतं. ‘करलं’ त्याने कुणाकडून ऐकलेलं नसतं. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘धरलं’ यांतून त्याने स्वतः नियम काढलेला असतो आणि तो ‘कर’ला लावलेला असतो. मोठी माणसं हसतात. भाषाशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ते मूल पोपटपंची करत नसून व्याकरण रचतं आहे, याची ती चूकच साक्ष असते.

पण त्या आदर्श भाषकाला मुचकुंदीच्या होडीत बसवायचं कुठे? एकजिनसी समाज या होडीला कधी मिळालाच नाही. याच मुद्द्यावर भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी चोम्स्कींना उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की व्याकरणशुद्ध वाक्य करता येणं ही निम्मीच गोष्ट. कुणाशी, कधी, कुठे, कोणत्या सुरात बोलायचं आणि केव्हा गप्प बसायचं, हेही भाषा येण्यातच मोडतं. 1960 च्या दशकात मांडलेला आणि 1972 मध्ये छापून आलेला हा विचार ‘संप्रेषण क्षमता’ म्हणून ओळखला गेला. मराठी माणसाला तो समजायला सोपा आहे. सासऱ्यांना ‘तू’ म्हटलं तर वाक्य व्याकरणात बसतं, पण घरात बसत नाही. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत समोरच्याला सोबत घ्यायचं की दारात उभं ठेवायचं, हे एका सर्वनामाने ठरतं.

हाइम्स यांनीच संपादित केलेल्या आणि 1971 मध्ये निघालेल्या एका ग्रंथाने महाराष्ट्रातल्या एका गावाला जगाच्या भाषाशास्त्रात नेऊन बसवलं. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथे पाहिलं की जैन आणि लिंगायत घरात कन्नड बोलतात, मुसलमान उर्दू बोलतात, दलित आणि भूमिहीन मजूर मराठी बोलतात, आणि शेतात-बाजारात बहुतेकांना एकाहून अधिक भाषा येतात. शतकानुशतकांच्या या सवयीने तिन्ही भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची ठेवण एकमेकींच्या जवळ आली. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे मराठी वाक्य शब्दाला शब्द बदलत गेलं की कुपवाडची उर्दू होते आणि कुपवाडची कन्नड होते. इतकंच नव्हे, तिथल्या मराठीत ‘नदी आली’च्या जागी ‘नदी आलं’ असं नपुंसकलिंगी रूप नोंदवलं गेलं, कारण कन्नडात निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग नसतं. पुण्याच्या मास्तरांनी लाल रेघ मारली असती अशा या रूपावर जगभरचे विद्यार्थी आज टिपणं काढतात. चाळीसेक वर्षांनी सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथे पुन्हा जाऊन हे सगळं तपासलं, आणि एकाच साच्याच्या या चित्राला मर्यादा आहेत हे 2016 मध्ये मांडलं.

त्याच सुमाराला मराठी बोलींचा घरचा अभ्यासही जोमात होता. अमृत माधव घाटगे यांनी 1963 पासून बोलींच्या पाहणीची पुस्तकं काढली. दक्षिण कानड्यातली कोकणी, कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी. ग्रियर्सनला आला होता तसा कचेरीतला कागद नाही, तर प्रत्यक्ष भाषकाच्या तोंडचे ध्वनी टिपून बांधलेलं वर्णन. ना. गो. कालेलकर यांनी ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ लिहून हा विषय सर्वसामान्य वाचकाच्या हाती दिला, आणि त्या पुस्तकाला 1967 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातल्या विविधतेवर 1973 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि फलटणलाच शाळा काढली. ‘पाणी’ की ‘पानी’ यावरून पोराची हुशारी ठरवणाऱ्या वर्गात भाषाशास्त्राचं काय काम असतं, हे त्या शाळेने रोजच्या कामातून दाखवलं.

अलीकडची मोजणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजची आहे. राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने तिथल्या संशोधकांनी मराठीच्या प्रादेशिक बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं. उधळ्या मुलाला या वेळी सुट्टी मिळाली. गावात जायचं, वेगवेगळ्या वयाच्या आणि समाजांच्या बायका-पुरुषांसमोर बसायचं, वस्तूचं चित्र दाखवून ‘याला काय म्हणता?’ विचारायचं, छोट्या चित्रफिती दाखवून ‘काय झालं?’ विचारायचं, आणि मग आठवणीतली गोष्ट सांगायला लावायची. भाषांतराचा प्रश्नच नाही. माणूस पाहतो आणि बोलतो, यंत्र ऐकतं. त्या आवाजांचा साठा संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो.

अशा पाहणीत ‘मला’ हा एवढासा शब्द पाहिला तरी महाराष्ट्राचा नकाशा उभा राहतो. वऱ्हाडात ‘मले’, उत्तर कोकणातल्या आगरी-कोळ्यांत ‘मना’, सिंधुदुर्गात ‘माका’. ‘मी केलं’ म्हणायचं, ‘म्या केलं’ की ‘मीनं केलं’, यातला प्रत्येक पर्याय आपापल्या जागी नियमाने चालतो. मुलाला कुणी पोरगा म्हणतं, कुणी पोट्टा, कुणी झील. पुस्तकातलं एकच रूप शिकलेला माणूस यांतली बाकीची रूपं चुका समजतो, कारण त्याला एकच दालन दाखवलेलं असतं.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सध्या आणखी एक भर पडली आहे. मच्छीमारी बोटींवर आणि आंब्याच्या बागांत आता नेपाळहून आलेली माणसं मोठ्या संख्येने दिसतात. मोसम सुरू झाला की येतात, संपला की बरीचशी गावी परततात. त्यांच्यासाठी ना कोश असतो, ना परीक्षक मंडळ. कंपनीच्या साहेबाला पंडित मिळाला होता, वेतनात भत्ता मिळत होता. नवा खलाशी पहिल्या दिवशी दोर हातात घेतो, आणि मागून तांडेल ओरडतो, ‘सोड!’ त्याने ओढलं तर सगळी बोट हसते, तांडेल दोन शिव्या घालतो आणि पुन्हा ओरडतो. मोसम सरेपर्यंत तोच पोरगा किनाऱ्यावर मासळीची टोपली घेऊन उभा असतो, आणि भाव पाडायला आलेल्या बाईला हिंदी, नेपाळी आणि कोकणी हेल यांच्या मिसळीत सांगत असतो की आज भांग आहे, मावशी, मासळी कमीच येणार.